सिंदी (रेल्वे) आणि राजूर (कॉलरी) : वर्धा-खोऱ्यांतील खाणकामगारांचीं घरें व त्यांचीं कागदपत्रें

आमच्या सिंदी गांवाच्या नांवापुढें कंसांत ‘रेल्वे’ हा शब्द लिहावा लागतो. वर्धा शहराला लागून दुसरी एक सिंदी आहे. तिच्यापुढें कंसांत ‘मेघे’ येतें. एका कंसांत आडनांव व दुसऱ्या कंसांत लोहमार्ग, एवढ्या खुणेवर टपाल आणि शाळेचे दाखले वेगळे राहतात. मूळ नांव शिंदीच्या झाडावरून पडलें असावें. तें झाड संस्कृतांतील खर्जूरीच्या जातीचें. झाडाचें नांव शेंकडों वर्षांचें, तर कंसांतील शब्द १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ नागपुरास पोहोंचले त्यानंतरचा. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांत अशाच घडणीचें दुसरें नांव आहे. राजुरा चंद्रपूर जिल्ह्यांत, राजूर गणपतीचें जालना जिल्ह्यांत, राजूर अकोल्याच्या डोंगरांत. म्हणून वणीजवळच्या राजुरास लोक ‘राजूर कॉलरी’ म्हणतात. एका गांवास रुळानें ओळख दिली, दुसऱ्यास कोळशाच्या खाणीनें. ह्या दुसऱ्या प्रकारच्या गांवांत खाणीच्या मालकानें मजुरांकरितां बांधलेल्या ज्या घरांच्या रांगा आहेत, त्यांचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहितां येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

संशोधकांस हा विषय क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. ताम्रपट, शिलालेख, बखरी, सनदा ह्यांची संवय लागलेल्या डोळ्यांस कवेलूंच्या छपराखालची एक खोली काय सांगणार? परंतु चांद्याच्या गोंड राजांनीं बांधलेल्या तटाची जपणूक सरकार करीत आहे आणि त्याच शहरांत महाकाली, लालपेठ, दुर्गापूर-रयतवारी ह्या खाणींच्या वसाहती कोणाच्याहि यादींत नाहींत, हें पाहिल्यावर प्रश्न पडतो. तटाचे दगड एकावर एक रचणाऱ्यांचीं घरें आज कोठें दाखवितां येत नाहींत. कोळसा काढणाऱ्यांचीं घरें अद्याप दाखवितां येतात. हा भेद फार दिवस टिकणार नाहीं.

प्रथम ‘वर्धा’ ह्या शब्दाविषयीं एक खुलासा करणें अवश्य आहे, कारण त्यानें दप्तरें धुंडाळणाऱ्यांची दिशाभूल होते. भूगर्भशास्त्रज्ञ ज्यास वर्धा-खोऱ्याचें कोळसाक्षेत्र म्हणतात, त्याच्या प्रसिद्ध जुन्या खाणी वर्धा जिल्ह्यांत नाहींत. त्या चंद्रपूर व यवतमाळ ह्या जिल्ह्यांत आहेत. नांव नदीवरून पडलें, जिल्ह्यावरून नव्हे. आमच्या सिंदीच्या पायाखालीं काळा कातळ व त्यावर कापसाची काळी जमीन. कोळसा ज्या गोंडवन थरांत सांपडतो ते थर दक्षिणेस वरोऱ्याच्या बाजूस वर येतात. ‘गोंडवन’ हें नांवहि याच प्रदेशांतील लोकांवरून मेड्लिकॉटनें १८७२ सालीं शास्त्रांत आणिलें, आणि आज पृथ्वीच्या पाठीवरील दूरदूरच्या खंडांतील थरांस तेंच नांव लावतात. इकडील थरांचें सविस्तर वर्णन ह्यूजनें भूगर्भखात्याच्या लेखमालेंत १८७७ सालीं प्रसिद्ध केलें.

सरकारनें स्वतः चालविलेली वरोऱ्याची खाण ह्या खोऱ्यांतील पहिली मोठी खाण होय. तिच्याकरितां वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत जो फांटा घातला त्याचें नांवच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असें होतें. येथेंहि पुन्हां वर्धा! म्हणून ह्या खाणीसंबंधींचे कागद कोणास पाहावयाचे असल्यास त्यानें केवळ ‘चांदा’ ह्या शीर्षकाखालीं न पाहतां ‘वर्धा’ ह्या शीर्षकाखालीं व लोहमार्गाच्या दप्तरांतहि पाहावें. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. तें स्थळ निवडण्यांत कापूस आणि कोळसा दोन्ही जवळ असणें हा विचार होता. वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या मालगाड्या आमच्या गांवावरून जात. सिंदीनें खाण पाहिली नाहीं. वाघिणींतून जाणारा कोळसा मात्र पाहिला.

वरोऱ्याची खाण १९०६ सालीं बंद झाली. त्यापूर्वींच, विसाव्या शतकाच्या आरंभीं, बल्लारपूर येथें नवी खाण उघडली गेली होती. म्हणजे खांडक्या बल्लाळशहाच्या जुन्या राजधानीच्या किल्ल्याजवळ, वर्धेच्या कांठीं. पुढें घुग्घुस, राजूर, माजरी, चांदा अशा खाणी चालल्या, आणि नदीपलीकडे सास्तीस.

ह्या ‘पलीकडे’ शब्दांत संशोधकाची खरी अडचण सांठलेली आहे. कोळशाचा थर नदीखालून सरळ जातो. राज्यें मात्र नदीवर थांबत. डाव्या तीरावरील चांदा जिल्हा मध्यप्रांतांत. उजव्या तीरावरील वणी वऱ्हाडांत. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यांत असलें तरी नांवानें निजामाचें, १९०२ च्या करारानें कायमच्या पट्ट्यानें घेतलेलें आणि १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडलेलें. त्याच तीरावर आणखी दक्षिणेस राजुरा व सास्ती हा प्रत्यक्ष निजामाचा मुलूख. राजुरा तालुका चांदा जिल्ह्यास जोडला गेला तो १९५९ सालीं. म्हणजे तीन खाणींचे मजूर एकाच थरांतील कोळसा फोडीत असतां त्यांच्या घरांखालच्या जमिनीच्या नोंदी तीन निरनिराळ्या पद्धतींनीं लिहिल्या जात होत्या. चांद्याकडे मालगुजारी, तेथें वाजिब-उल-अर्ज व निस्तार-पत्रक पाहावें. वणीकडे रयतवारी, तेथें खातेदारांच्या नोंदी, व त्यांत जुन्या सालांच्या मोडींत. सास्तीकडे उर्दू. शिवाय १९०५ पूर्वींच्या कागदांत यवतमाळ जिल्हा शोधूं नये. तेव्हां त्याचें नांव ‘वणी जिल्हा’ असें होतें. ज्यांच्या संग्रहांत वणी परगण्याचे मोडी रुमाल आहेत त्यांनीं ते पुन्हां एकदां ह्या दृष्टीनें चाळावे, अशी आमची विनंति आहे. खाण येण्यापूर्वीं त्या जागीं पांढरी होती कीं काळी, गायरान होतें कीं पडीत, हें त्या कागदांवरूनच कळेल.

आतां घरांकडे वळूं. खाणीच्या जुन्या रांगेंतील घराची रचना वऱ्हाड-नागपुराकडील कोणत्याहि खेडेगांवाच्या घराहून मुळांतच वेगळी आहे. आमच्या इकडे गरीबाचेंहि घर वाढत जातें. आधीं एक खण, मग पुढें सपरी, मागें सांदवाडी, मुलाचें लग्न झालें कीं बाजूस आणखी एक पाखें. खाणीचें घर वाढत नाहीं. दहा-बारा फुटांची एक खोली, तिच्यापुढें तेवढ्याच रुंदीची पडवी, डावीउजवीकडे शेजाऱ्याशीं सामाईक भिंत. कोठें कोठें मागची भिंतहि सामाईक, म्हणजे दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या. अशा घरांत वारा एकाच बाजूनें येतो आणि त्याच बाजूनें जातो. जोतें विटांचें किंवा वालुकाश्माचें, छप्पर कवेलूंचें, पुढें पत्र्याचें. राजुरास खाणीइतक्याच चुन्याच्या भट्ट्या प्रसिद्ध. भिंतींत मातीऐवजीं चुना दिसला तर नवल मानूं नये.

पडवीकडे बारकाईनें पाहावें. खेड्यांत चूल आंत असते व धूर कवेलूंतून झिरपतो. खाणकामगारास जळणाकरितां कोळसा मिळे. आणि कच्चा कोळसा बंद खोलींत पेटवितां येत नाहीं, त्याचा धूर जीव घेतो. म्हणून सिगडी दाराबाहेर पेटवावयाची, धूर ओसरून निखारे लाल झाले कीं मग आंत न्यावयाची. संध्याकाळीं सबंध रांगेपुढें सिगड्यांची दुसरी रांग लागे. पडवीचे खांब व वासे काजळलेले आणि आंतील खोलीचे वासे त्यामानानें स्वच्छ, अशी अवस्था जेथें आढळते तेथें हें घर लाकडाच्या चुलीचें नसून कोळशाच्या सिगडीचें, असें निःशंक म्हणावें. वास्तूचा पुरावा तो हाच. नकाशांत ज्याला पडवी म्हटलें तें वस्तुतः स्वयंपाकघर होतें.

एक अनुमान येथें नमूद करितों. पूर्वीं स्त्रियाहि पुरुषांबरोबर खाणींत उतरत. १९२९ च्या नियमांनीं त्यांना भूमिगत कामांतून क्रमाक्रमानें दूर करण्याचें ठरलें व १९३९ पर्यंत तें पुरें झालें; युद्धाच्या गरजेमुळें १९४३ सालीं बंदी उठली आणि १९४६ सालीं पुन्हां लागू झाली. जोंपर्यंत नवरा-बायको दोघेंहि पाळीवर, तोंपर्यंत घर म्हणजे निजण्याची जागा. बाई घरीं राहूं लागल्यावर पडवीस कुडाची ताटी बसते, पुढें तुळस येते, वालाचा वेल चढतो. रांगेंतील ज्या घरांस अशीं जोडकामें आहेत त्यांचा काळ ह्या बंदीशीं ताडून पाहण्याजोगा आहे.

ह्या घरांस लोक काय म्हणत, हाहि शोधाचा विषय आहे. बंगाल-बिहारच्या खाणींत ‘धौडा’ हा शब्द रूढ. तिकडे विटांच्या कमानी छताचे धौडे पुष्कळ बांधले गेले. आमच्याकडे चाळ, लाईन, क्वार्टर, कॅम्प असे शब्द ऐकूं येतात, आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. युद्धकाळांत, १९४२ पासून, गोरखपूर येथील डेपोमार्फत मुदतीच्या करारानें मजूर आणीत. ते एकटे येत व पहाऱ्यांत राहत. त्यांची जागा ती कॅम्प. कुटुंबवाल्यांची ती चाळ वा लाईन. आणि पुढें दोन खोल्यांचें झालें तें क्वार्टर. शब्दावरून कराराचा प्रकार ओळखतां येतो. ‘धौडा’ शब्दाविषयीं एक मोह आम्हांस आवरत नाहीं. संस्कृत ‘धवलगृह’ म्हणजे चुना दिलेलें भव्य मंदिर. त्याचें हिंदींत ‘धौरहर’ व आमच्या जुन्या मराठींत ‘धवळार’ झालें. धौडा ह्या शब्दाचें मूळ तेथें निघाल्यास दैवाची थट्टाच म्हणावी लागेल. पण ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, आणि चुना तर धौड्यासहि देतच असत. म्हणून येथेंच थांबतों.

घर खाणीचें आणि माणूस कामाचा, हें ह्या वास्तूचें मर्म आहे. राहण्याची जागा ही मजुरीचाच एक भाग असे. काम सुटलें कीं घर सुटलें. त्यामुळें ह्या घरांना खरेदीखत नाहीं, वांटणीपत्र नाहीं, गहाणखत नाहीं; म्हणजे ज्या ज्या कागदांवरून आम्ही वाड्यांचा इतिहास लिहितों तो एकहि कागद येथें जन्मासच येत नाहीं. दुरुस्ती करणें हें राहणाऱ्याचें काम नव्हे आणि करविणें हें मालकाच्या मर्जीवर. वरोऱ्याची खाण १९०६ सालीं मिटली तेव्हां तेथील मजुरांच्या ह्या घरांवरील हक्काचा प्रश्न कोणत्याहि दिवाणी न्यायालयांत उभा राहण्याचें कारण नव्हतें, कारण हक्क असा नव्हताच.

कायद्याच्या भाषेंतहि हें उमटलें आहे. १९५७ च्या कोळसाखाण-नियमावलींत असें होतें कीं, लोहमार्ग, सार्वजनिक रस्ता, इमारत किंवा खाणमालकाच्या मालकीचें नसलेलें कायम बांधकाम ह्यांच्या ४५ मीटरच्या आंत परवानगीवांचून खोदकाम नेऊं नये अथवा कोळशाचे खांब काढूं नयेत. खाण चालवितांना वरची जमीन पेलण्याकरितां कोळशाचेच खांब ठेवीत जातात. शेवटीं ते काढले कीं वरची भूमि खचते. ‘मालकाच्या मालकीचें नसलेलें’ हे शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावे. मजुराचें घर मालकाचें, म्हणून ह्या परवानगीच्या बंधनाबाहेर. सर्वच वसाहतींखालचे खांब काढले गेले असा ह्याचा अर्थ नव्हे. पण शेजारच्या शेतकऱ्याची गोठ्याची भिंत नियमानें राखली जावी आणि खाणींत उतरणाऱ्याचें घर व्यवस्थापकाच्या विवेकावर राहावें, हें विचार करण्यासारखें आहे. कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील बारावा अध्याय आकराध्यक्षाचा आहे. त्यांत धातूंची परीक्षा आहे, अधिकाऱ्याची योग्यता आहे, चोरी करणाऱ्यास बांधून काम करवून घ्यावें असेंहि आहे. खाणींत राबणारा रात्रीं कोठें निजतो हा विषय त्याहि अध्यायाचा नव्हे.

घरांसाठीं स्वतंत्र पैसा उभा राहिला तो १९४४ च्या वटहुकुमानें व त्यानंतरच्या १९४७ च्या कोळसाखाण-कामगार-कल्याण-निधि कायद्यानें. खाणींतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवून तो जमविला जाई. जुन्या एकखोली रांगांशेजारीं दोन खोल्यांचीं घरें दिसतात त्यांचा उगम साधारणपणें येथें शोधावा. १९७३ सालीं दगडी कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या, १९७५ सालीं नागपुरास वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी स्थापन झाली. तिच्या काळांत भूमिगत खाणींऐवजीं उघड्या खाणींवर भर पडत गेला. भूमिगत खाण गांवाखालून जाते. उघडी खाण गांवच उचलून बाजूस ठेवते. जुन्या रांगांना खरा धोका आहे तो हा. रांग ओस पडते, दारें-चौकटी निघतात, एक पावसाळा जातो, आणि मग यंत्र येतें.

परदेशांत काय झालें हें थोडक्यांत सांगतों. फ्रान्सच्या उत्तरेकडील नोर-पा-द-कॅले येथील खाणप्रदेश तेथील कामगारांच्या घरांसह २०१२ सालीं जागतिक वारशांत गेला. सुमात्रांतील सावाहलुंतो हें डचांनीं वसविलेलें कोळशाचें गांव २०१९ सालीं. वेल्समध्यें ऱ्हिड-इ-कार नांवाची सहा घरांची एक रांग विटेंविटेंनें, नव्हे दगडादगडानें, सोडवून सेंट फॅगन्सच्या संग्रहालयांत पुन्हां उभी केली आहे. तीं घरें कोळशाच्या नव्हे, लोखंडाच्या खाणींतील कामगारांचीं. पण युक्ति मोठी मार्मिक. एकाच आराखड्याचीं सहा घरें १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ व १९८५ ह्या सालांप्रमाणें सजविलीं आहेत. भिंत तीच, माणसांचें जगणें बदलत गेलें, हें लहान मुलासहि तेथें कळतें. आमच्याकडे केंद्रीय पुराणवास्तु-कायदा १९५८ चा. त्यांत शंभर वर्षांची अट आहे. बल्लारपूरच्या खाणीस तीं शंभर वर्षें होऊन गेलीं. वयाची अडचण आतां राहिली नाहीं. अडचण आहे ती कोणतें बांधकाम किती जुनें हें सिद्ध करण्याची, आणि ती कागदावांचून सुटणारी नाहीं.

मग कागद कोणते? खाण सोडून देतांना तिचा नकाशा सरकारकडे द्यावा लागतो. धनबाद येथें खाण-सुरक्षा खात्याचें मुख्य ठाणें आहे, तिकडे चौकशी करावी. ह्या नकाशांवर भूमिगत वाटांच्या वर पृष्ठभागावरील इमारतीहि रेखाटलेल्या असतात. दोन सालांचे नकाशे शेजारीं ठेवले कीं कोणती रांग केव्हां उभी राहिली ती मर्यादा कळते. हजेरीपट, पगारपत्रकें, घरवांटपाच्या वह्या ह्या खाणीच्या कचेरींतील वस्तु. खाण बंद झाली कीं प्रथम त्याच रद्दींत जातात. रद्दीवाल्याकडून मोडी पोथ्या सोडविणारे संग्राहक आपल्यांत आहेत. त्यांनीं आपल्या ओळखीच्या रद्दीवाल्यांस ह्याहि वह्या दाखवून ठेवाव्या.

परंतु सर्वांत भरवंशाचें साधन आमच्या मतें शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर होय. शिक्षकाच्या पेशांत तीं वर्षानुवर्षें आमच्या हातून लिहिलीं गेलीं, म्हणून त्यांचा स्वभाव आम्हांस ठाऊक आहे. त्यांत मुलाचें जन्मस्थळ, पूर्वींची शाळा, शाळेंत आल्याची व शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण असे रकाने असतात. खाणीच्या गांवांत हे रकाने म्हणजे स्थलांतराची बखरच. एकाद्या सालीं एकाच महिन्यांत वर्गांतील अनेक मुलांचीं नांवें खारीज झालीं, आणि त्याच सुमारास दुसऱ्या खाणीच्या शाळेंत दाखल झालीं, तर एक रांग रिकामी होऊन दुसरी भरली हें जवळजवळ सिद्ध झालें. जन्मस्थळाच्या रकान्यावरून तेलंगणांतून कोण आलें, छत्तीसगडांतून कोण, गोंडांच्या पाड्यांवरून कोण, हें कळतें. आणि त्यावरून कोणत्या रांगेंत तेलुगु बोलली जात असेल व कोणत्या रांगेंत छत्तीसगडी, ह्याचाहि अंदाज बांधतां येतो.

नक्कल करणाऱ्यांस दोन सूचना. जन्मतारखेवर विसंबूं नये. १ जून व १ जुलै ह्या तारखा जेथें दाट आहेत तेथें त्या गुरुजींनीं घातलेल्या आहेत, आईबापांनीं सांगितलेल्या नव्हेत. आणि मुलांचीं नांवें उतरून घेऊं नयेत. आपल्या कामास गांव, तारीख व कारण एवढे रकाने पुरतात. पत्त्याच्या जागीं पुष्कळदां केवळ रांगेचा व खोलीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो मात्र अवश्य उतरावा, कारण त्याच क्रमांकाची पाटी त्या भिंतीवर अजून असण्याचा संभव आहे. पाटीचें छायाचित्र घेतांना शेजारील दोन दारेंहि चित्रांत येऊं द्यावीं. क्रमांक डावीकडून वाढतात कीं उजवीकडून, हें नंतर कोणास सांगतां येत नाहीं.